रुग्णाच्या उशाशी असलेले यंत्र आणि त्याची विद्युत-सुरक्षा

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आपल्या माणसाला पाहावयास गेलेल्या नातेवाइकाची नजर प्रथम रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाते आणि लगेच त्याच्या उशाशी असलेल्या लहानशा पडद्याकडे वळते. पडद्यावर एक हिरवी रेषा नागमोडी धावत असते. तिच्या शेजारी नाडीचे ठोके, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण व रक्तदाब यांचे आकडे बदलत असतात. हे रुग्णनिरीक्षण यंत्र होय. रुग्णालयात सगळे त्याला 'मॉनिटर' म्हणतात व लोकांच्याही तोंडी आता तोच शब्द रुळला आहे. एके काळी हे यंत्र केवळ मोठ्या शहरांतील रुग्णालयांत दिसे. आता ते तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आणि रुग्णवाहिकेतही पोहोचले आहे. निपाणी परिसरातील रुग्ण उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूरला नेला काय किंवा दक्षिणेस बेळगावला नेला काय, दोन्हीकडे त्याच्या छातीवर ह्याच यंत्राच्या चकत्या चिकटविल्या जातात. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी असे झाले असून तेथे १९६३ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व २००५ साली सुरू झालेली शासकीय बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था या दोहोंमुळे संपूर्ण सीमाभागातील गंभीर रुग्णांचा ओघ आहे.

या यंत्राविषयी लोक सहसा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ते दाखविते ते आकडे खरे आहेत काय. हा प्रश्न योग्यच आहे. परंतु दुसराही एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून तो फारसा कोणी विचारीत नाही. हे यंत्र भिंतीवरील २३० व्होल्टच्या विजेवर चालते आणि त्याच्या तारा रुग्णाच्या उघड्या त्वचेला, प्रसंगी त्याच्या शरीराच्या आतल्या भागालाही जोडलेल्या असतात. त्या तारांवाटे नको ती वीज रुग्णाच्या शरीरात उतरत नाही, हे कोणी आणि कसे पाहावयाचे?

न जाणवणारा झटका

विजेचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम व्होल्टवर नव्हे, तर शरीरातून प्रत्यक्ष किती प्रवाह वाहिला व तो कोणत्या मार्गाने वाहिला यावर अवलंबून असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझिएल या अभियंत्याने गेल्या शतकाच्या मध्यास या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. हातातून साधारण १ मिलीअँपिअर प्रवाह वाहू लागला की मुंग्या आल्यासारखे वाटते. तो १० मिलीअँपिअरच्या पुढे गेला की स्नायू आखडतात आणि हातात धरलेली तार सोडता येत नाही. छातीतून १०० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला, तर हृदयाचे ठोके नियमित पडण्याऐवजी त्याचे स्नायू नुसते थरथरू लागतात, रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

हे आकडे धडधाकट माणसाचे आहेत. त्याचे रक्षण करणारी पहिली भिंत म्हणजे त्याची कोरडी त्वचा. शाळेतील शिक्षकांना याची प्रचीती विद्यार्थ्यांना सहज आणून देता येईल. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या मल्टिमीटरची दोन टोके कोरड्या बोटांत धरली की रोध लाखो ओहम दिसतो. तीच बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा मोजल्यास तो पुष्कळ खाली येतो. (हा प्रयोग मल्टिमीटरच्या बॅटरीवरच करावा, भिंतीवरील विजेशी त्याचा कोणताही संबंध येऊ देऊ नये, हे विद्यार्थ्यांना आधी बजावणे आवश्यक आहे.) रुग्णालयात मात्र ही भिंत जाणूनबुजून दूर केलेली असते. हृदयाची रेषा स्पष्ट यावी म्हणून चकत्यांखाली त्वचा घासून स्वच्छ करतात व त्यांवर वाहक लेप असतो. हृदयविकाराच्या काही रुग्णांच्या बाबतीत तर शिरेतून एक बारीक तार थेट हृदयाच्या कप्प्यापर्यंत नेलेली असते आणि तिचे दुसरे टोक शरीराबाहेर असते. अशा तारेतून प्रवाह गेला तर तो वाटेत कोठेही न पसरता सगळाच्या सगळा हृदयाच्या एका लहानशा ठिकाणी पोहोचतो. तेथे १०० मायक्रोअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही घातक ठरू शकतो. मायक्रोअँपिअर म्हणजे मिलीअँपिअरचा हजारावा भाग. म्हणजेच निरोगी माणसाला ज्या प्रवाहाची जाणीवही होणार नाही, त्याच्या दहाव्या हिश्शाने या रुग्णाचे हृदय थांबू शकते. यास सूक्ष्म झटका असे म्हणतात.

हा प्रवाह येतो कोठून?

यंत्रात बिघाड नसतानाही थोडासा प्रवाह त्याच्या धातूच्या सांगाड्याकडे झिरपत असतो. मातीच्या माठातून पाणी पाझरते तसाच हा प्रकार असून त्याला गळती प्रवाह म्हणतात. यंत्रातील विजेचे गोंगाट गाळण्यासाठी वीजवाहक तार व सांगाडा यांच्यामध्ये लहान कपॅसिटर बसविलेले असतात. ४.७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्ट व ५० आवर्तनांच्या विजेवर सुमारे ३४० मायक्रोअँपिअर प्रवाह सांगाड्याकडे जाऊ देतो. हा दोष नव्हे, ती यंत्राच्या रचनेचीच बाजू आहे.

हा प्रवाह निरुपद्रवी ठरतो तो तीन पिनांच्या प्लगमधील तिसऱ्या, जाड पिनेमुळे. ती पिन सांगाड्याला जमिनीशी जोडते. हेच अर्थिंग. चांगल्या अर्थिंगच्या तारेचा रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो, तर माणसाच्या शरीराचा रोध हिशेबासाठी १००० ओहम धरतात. सांगाड्याला कोणी हात लावला तरी प्रवाहाचा जेमतेम पाच हजारावा भाग त्याच्या शरीरातून जाईल. वरील उदाहरणात तो एका मायक्रोअँपिअरच्या पंधराव्या भागाइतका होतो. पण अर्थिंगची तार आतून तुटली किंवा प्लगची जाड पिनच मोडली, तर संपूर्ण ३४० मायक्रोअँपिअर प्रवाहाला जो कोणी स्पर्श करील त्याच्यावाचून दुसरी वाट उरत नाही.

आता प्रसंग असा कल्पावा. परिचारिका एका हाताने मॉनिटरची कळ दाबीत आहे आणि दुसऱ्या, हातमोजा नसलेल्या हाताने रुग्णाच्या हृदयापर्यंत गेलेल्या तारेचे उघडे टोक सावरीत आहे. रुग्ण दुसऱ्या एखाद्या उपकरणामार्फत जमिनीशी जोडलेला आहे. परिचारिकेला काहीही जाणवणार नाही, कारण ३४० मायक्रोअँपिअर तिच्या जाणिवेच्या पातळीखाली आहेत. परंतु तोच प्रवाह तिच्या हातांतून रुग्णाच्या हृदयात जाईल. पडद्यावरील रेषा विस्कटेल आणि सर्वांना वाटेल की रोगच बळावला. या धोक्याचे वैशिष्ट्य हे आहे की तो घडून गेल्यावर आपली खूण मागे ठेवीत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही व नंतर सिद्धही करता येत नाही, ते आधी मोजूनच ओळखावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. घरात किंवा रुग्णालयात गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसविले म्हणजे सर्व झाले, असे अनेकांना वाटते. ते बसवावेच, त्याने अनेकांचे प्राण वाचतात. पण सामान्यतः ते ३० मिलीअँपिअरला वीज तोडते. हृदयाशी थेट जोडलेल्या भागासाठी ठरलेली मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे. दोहोंत तीन हजार पटींचे अंतर आहे.

मर्यादा कशा ठरल्या

१९७१ साली अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नाडर यांनी एका महिला-मासिकात लेख लिहून असा दावा केला की, त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी सुमारे १२०० रुग्ण अशा झटक्यांनी दगावतात. मोठी खळबळ उडाली. हा आकडा पुढे पुराव्याने सिद्ध होऊ शकला नाही व आज तो अतिशयोक्त मानला जातो. पण त्या काळात निर्माण झालेल्या दक्षतेतून यंत्रांच्या रचनेतही बदल झाले आणि तपासणीची शिस्तही आली. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९७७ साली वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचे पहिले सर्वसाधारण मानक प्रसिद्ध केले. आज ते ६०६०१ या क्रमांकाने ओळखले जाते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३४५० हे त्याचेच भारतीय रूप होय. नवे यंत्र कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्याने कोणत्या कसोट्या पार कराव्यात, हे त्यात दिलेले आहे. वापरात असलेल्या व दुरुस्त होऊन परत आलेल्या यंत्रांसाठी ६२३५३ हे वेगळे मानक २००७ साली आले आणि २०१४ मध्ये ते सुधारण्यात आले. रुग्णालयाच्या दृष्टीने हे दुसरे मानक रोजच्या उपयोगाचे आहे.

रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या भागांचे तीन वर्ग असून यंत्रावर त्यांची चित्रे छापलेली असतात. नुसती मनुष्याकृती म्हणजे बी वर्ग, चौकटीतील मनुष्याकृती म्हणजे बीएफ वर्ग आणि चौकटीतील हृदय म्हणजे सीएफ वर्ग. पहिल्या दोन वर्गांत रुग्णाच्या शरीरात जाणारा गळती प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअरच्या आत व एखादा दोष उद्भवला असता ५०० च्या आत असावा लागतो. सीएफ वर्गात हेच आकडे १० व ५० असे आहेत. हृदयाशी थेट संबंध येणारा भाग केवळ सीएफ वर्गाचाच चालतो. चित्र ओळखावयास इंग्रजी यावे लागत नाही, म्हणून विभागातील प्रत्येक कर्मचाऱ्यास ही तीन चित्रे ठाऊक असलीच पाहिजेत.

तपासणी प्रत्यक्षात कशी करतात

तपासणीचा आरंभ डोळ्यांनी होतो, आणि अनुभवी तंत्रज्ञ सांगतात की बहुतेक दोष येथेच सापडतात. प्लगची जाड पिन मोडली आहे काय? भिंतीतील खाच दोन पिनांची म्हणून ती पिन कोणी कापून तर टाकली नाही? वायर पलंगाच्या चाकाखाली सापडून चिरडली आहे काय? चिकटपट्टी गुंडाळून भागविलेली दुरुस्ती, फ्यूजच्या जागी घातलेली साधी तार, सलाईन सांडून गंजलेली जोडणी, या सर्व गोष्टींना मीटर लागत नाही. त्यांना लागतो तो पाच मिनिटांचा वेळ आणि संकोच न करता यंत्र बाजूला ठेवण्याचा अधिकार.

यानंतर अर्थिंगच्या तारेची अखंडता मोजतात. प्लगच्या जाड पिनेपासून यंत्राच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध, वायर धरून, ०.३ ओहमपेक्षा अधिक असू नये. येथे साध्या मल्टिमीटरवर विसंबणे चुकीचे आहे. वायरमधील बहुतेक बारीक तारा तुटून एखादीच शिल्लक राहिली असेल, तरीही मल्टिमीटर आपल्या अत्यल्प प्रवाहावर मार्ग अखंड असल्याचे दाखवितो. म्हणून तपासणी-यंत्र किमान २०० मिलीअँपिअर, आणि काही पद्धतींत २५ अँपिअरपर्यंत, प्रवाह सोडून रोध मोजते. मोजताना वायर हाताने वाकवून, ओढून पाहतात. आकडा हलला तर वायर आतून तुटलेली आहे असे समजावे.

तिसरी पायरी विद्युतरोधनाची. यंत्र बंद ठेवून, वीजवाहक तारा व सांगाडा यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन मधला रोध मोजतात. तो कित्येक मेगओहम असावा लागतो. निर्मात्याने या कसोटीस मनाई केली असल्यास ती करू नये.

चौथी आणि खरी महत्त्वाची पायरी गळती प्रवाहाची. यंत्र चालू करून, रुग्णाच्या शरीराऐवजी १००० ओहमच्या आसपासची ठरावीक जोडणी लावून तीतून किती प्रवाह वाहतो हे पाहतात. प्रथम सर्व काही ठीक असताना, मग मुद्दाम दोष निर्माण करून. वीजवाहक व न्यूट्रल तारा उलटसुलट करतात, अर्थिंगची तार सोडवितात. वार्डात जे एखाद्या वाईट दिवशी घडू शकते, ते येथे टेबलावर आधीच घडवून पाहावयाचे असते. छातीच्या चकत्यांच्या तारा, बोटाला लावावयाचा चिमटा, तापमानाची सळी या प्रत्येकाची मोजणी वेगळी होते.

आलेले आकडे नोंदवहीत लिहिणे ही तपासणीची शेवटची पायरी असून तिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. 'तपासले, ठीक आहे' ही नोंद जवळजवळ निरुपयोगी होय. यंत्राचा गळती प्रवाह गतवर्षी ४० होता, यंदा ८५ आहे, एवढे लिहिलेले असेल तर मर्यादा ओलांडली नसतानाही आत काहीतरी ओल धरीत आहे किंवा झिजत आहे हे जाणत्याला कळते. तपासणी निर्मात्याने ठरविलेल्या मुदतीने, बहुधा वर्षातून एकदा करतात. याशिवाय यंत्र नवे आले असता, उंचावरून पडले असता, भिजले असता व प्रत्येक दुरुस्तीनंतर ती केलीच पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्याने आतील एक स्क्रू बसविण्याचे विसरल्याने अर्थिंग सुटले, असे प्रकार तंत्रज्ञांना अपरिचित नाहीत.

भिंतीमागील वायरिंग व जमिनीतील खड्डा

यंत्र कितीही निर्दोष असले तरी भिंतीतील खाच सदोष असेल तर वरील सर्व श्रम वाया जातात. अर्थिंगची तार शेवटी जमिनीतील खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला वा नळीला जोडलेली असते आणि त्या खड्ड्याची उपयुक्तता मातीच्या ओलाव्यावर अवलंबून असते. बेळगाव शहर व खानापूरकडील जांभी, मुरमाड जमीन पावसाळ्यात भिजते खरी, पण पाणी लवकर निचरून जाते व एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी ठणठणीत होते. निपाणी व चिकोडीकडील काळी, तंबाखूची जमीन ओलावा अधिक काळ धरते, मात्र उन्हाळ्यात तिला भेगा पडून पुरलेल्या पत्र्याभोवती पोकळी राहू शकते. म्हणून पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर समाधान मानू नये. खड्ड्याचा रोध ऐन उन्हाळ्यात मोजावा व खड्ड्यात नियमित पाणी घालण्याची व्यवस्था असावी. अर्थिंगविषयी आयएस ३०४३ हे भारतीय मानक उपलब्ध आहे.

याहूनही घातक अशी एक प्रथा आहे. अर्थिंग मिळत नाही म्हणून काही वायरमन खाचेच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंगची टोके एकमेकांना जोडून देतात. दिवा लागतो, यंत्र चालते, कोणाची तक्रार येत नाही. पण न्यूट्रलची तार कोठेही तुटली की त्या क्षणी यंत्राच्या सांगाड्यावर थेट २३० व्होल्ट येतात. अशी जोडणी रुग्णालयात तर नाहीच, पण शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा घरीही कधी करू देऊ नये.

कोगनोळीजवळ राज्याची हद्द ओलांडली की वीजकंपनी बदलते. दक्षिणेस हुबळी वीज पुरवठा कंपनी, उत्तरेस महावितरण. बिलाची भाषाही बदलते. परंतु विजेचा दाब, माणसाच्या हृदयाची सहनशक्ती आणि वर सांगितलेली मानके दोन्हीकडे एकच आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियमही दोन्ही राज्यांस सारखेच लागू आहेत आणि आपल्या आवारातील अर्थिंग नीट राखण्याची जबाबदारी ग्राहकावर, म्हणजे येथे रुग्णालयावर, असते.

जबाबदारी कोणाची

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ साली वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा देशव्यापी कार्यक्रम आखण्यात आला. जिल्हा रुग्णालयातील उपकरणे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रातील ९० टक्के व प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ चालू स्थितीत असावीत, असे लक्ष्य त्यात आहे. कपाटात धूळ खात पडलेली अनेक यंत्रे यामुळे वापरात येऊ शकतात, हा लाभ मोठा आहे. मात्र यंत्र चालू असणे आणि ते सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्थिंग तुटलेला मॉनिटरही उत्तम चालतो, किंबहुना तो चालतो म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. देखभालीचा करार करताना अधिकाऱ्यांनी विद्युत-सुरक्षेचे मोजलेले आकडे दर यंत्रामागे मागून घ्यावेत. मनुष्यबळाची वाण आहे हे खरे, पण बेळगावातच विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे व त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा समावेश आहे. या विद्यार्थ्यांना नोंदवह्या व तपासणी-यंत्रे प्रत्यक्ष हाताळावयास मिळाली, तर दोन्ही बाजूंचे काम होईल.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विभागात आग लागून १० अर्भके दगावली. त्यानंतर महाराष्ट्रात रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची व विजेच्या जोडण्यांची तपासणी हाती घेण्यात आली. आग आणि सूक्ष्म झटका ही संकटे वेगवेगळी आहेत. तथापि सैल प्लग, तापणारी खाच, एका बोर्डावर लटकविलेली पाच यंत्रे या गोष्टी एकाच फेरीत, त्याच तंत्रज्ञाच्या नजरेस पडतात. जेथे प्राणवायू पुरविला जातो तेथे तर लहानशी ठिणगीही पुरे होते.

रुग्णाजवळ बसणाऱ्या मंडळींनीही काही पथ्ये पाळावीत. मॉनिटरच्या खाचेतून मोबाईल चार्ज करू नये व त्यासाठी त्याचा प्लग काढू नये. यंत्रावर पाण्याचा तांब्या, चहाचा पेला किंवा ओला टॉवेल ठेवू नये. रुग्णाच्या अंगावरील तारांना, विशेषतः शरीराच्या आत गेलेल्या तारांच्या टोकांना, हात लावू नये. प्लग सैल दिसला, जळका वास आला किंवा यंत्राला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर 'आपण काय बोलावे' असा संकोच न धरता लगेच परिचारिकेला सांगावे. मुंग्या येणे म्हणजे गळती ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली, असा त्याचा अर्थ आहे.

तपासणीत अनुत्तीर्ण ठरलेले यंत्र त्याच क्षणी वार्डातून हलवावे. ते कोपऱ्यात ठेवून दिले तर रात्रीच्या गर्दीत दुसऱ्या पाळीचा कर्मचारी ते पुन्हा लावतो. म्हणून त्याच्या प्लगवर पट्टी गुंडाळून तो खाचेत जाऊच नये अशी तजवीज करावी व त्यावर ठळक अक्षरांत 'वापरू नये' असे लेबल, या भागात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, लावून खाली तारीख व तपासणाऱ्याची सही असावी.